वेलीच्या पैंजणाचं कुलूप

मी, शिवमूर्ती गुरुलिंग मगदूम, वय एकोणपन्नास, शिक्षण रेंदाळच्या शाळेत सातवीपर्यंत, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हे लिहितो तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आहे. शेजारीपाजाऱ्यांच्या डोक्याची हमी मी घेत नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी लिंगपूजा आटोपून मी शाहूपुरीतलं आमचं चांदीचं दुकान उघडलं. कॅलेंडरचं पान उलटलं, तर मागे गॅसच्या नंबराखाली पुतण्या जोतीरामच्या अक्षरात कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड लिहिलेला. मी पान फाडून खिशात घातलं. जोतीराम आल्यावर विचारलं.

"काका, सारखं इसरतंय की. सोयीसाठी लिवलंय."

"मग शटर तरी कशाला पाडतोस? तेबी उघडंच ठेव. गिऱ्हाईकाची सोय हुईल."

तो हसला. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम पहिलं. राहतं घर आणि दुकान पत्नी शिवगंगाचं.

कलम दुसरं. ठसे, हातोड्या, चिमटे कारागीर आकाराम याला. वीस वर्षांत त्याने एक ठसा हरवला नाही आणि एक शब्द जास्त बोलला नाही.

कलम तिसरं. दुकानातलं टेबल आणि खुर्ची जोतीरामला. बसणं त्याला मनापासून जमतं. कॉम्प्युटर त्याला नाही.

कलम चौथं, कॉम्प्युटरमधल्या नक्षींचं. पैंजणांच्या तीनशेबारा नक्षी त्यात आहेत. दुकानाचं पोट त्यांच्यावर. आधी सगळीकडे एकच पासवर्ड होता, ओम नमः शिवाय. ज्या घरात हे नाव रोज सकाळी मोठ्याने घेतात, पाहुणेही घेतात, तिथे ते गुपित ठेवणारा मूर्ख मीच. देवाचं नाव जपायला असतं, कुलपाला नसतं. आमचा वेलीच्या नक्षीचा पैंजण घडून व्हायच्या आत दुसऱ्या दुकानाच्या काचेत लटकला, तेव्हा ते कळलं.

मग जोतीरामने पासवर्ड मॅनेजर आणला. आयुष्यातलं त्याचं एवढंच बरं काम. सगळे पासवर्ड एका पेटीत, पेटीला एकच मोठा पासवर्ड. मी तो बत्तीस अक्षरांचा केला आणि कुणाला सांगितला नाही. फार शहाणपण वाटलं. श्रावणात माझं छातीचं ऑपरेशन झालं. हुपरीचे कारागीर नक्षीसाठी खोळंबले. शिवगंगा खाटेशी आली.

"अवं, तेवढा पासवर्ड सांगा की."

"आठवंना."

"एवढं घट्ट लावलं की मालकच भाईर ऱ्हायला!"

पाचव्या दिवशी आठवला. त्या भीतीने मी तो जोतीरामला सांगितला आणि त्याने भिंतीला सांगितला. आधी कंजूष, मग उधळ्या. दोन्ही वेळा गाढव मीच होतो, हे वारसांनी वाचावं.

कलम पाचवं. हे मी कुठे बोललो नाही. त्या तीनशेबारा नक्षी शिवगंगाने काढल्या आहेत. स्वयंपाक आवरून, पाटीवर, नंतर कागदावर. बाजारात नाव माझं झालं. 'मगदूमांचा हात' म्हणून लोकांनी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली. कपाळाला विभूती लावून हे केलं. जोतीरामला नावं ठेवताना याची आठवण येते.

म्हणून चौथ्या कलमातली मालमत्ता देण्यासाठी मी मरायची वाट पाहिली नाही. मुलगी शिवलीला हुपरीला दिली आहे. काल फोन केला, आज सकाळच्या बसने ती आली. नवा पासवर्ड दोन भागांचा ठरला. पहिला शिवगंगाच्या मनात, दुसरा शिवलीलाच्या. आपापला भाग दोघींनी वेगवेगळ्या बंद पाकिटात घालून आपापल्या लॉकरला ठेवायचा.

शिवलीला म्हणाली, "बाबा, दर खेपेला मी बस धरून यायची व्हय?"

"व्हय. एका बसएवढा तरास पायजेच. त्याहून जास्त नको, कमी बी नको."

रोज लागणाऱ्या नक्षी कागदावर काढून आकारामकडे दिल्या. बाकीसाठी बस.

दोघींनी आळीपाळीने आपला भाग टाकला. मी पाठ फिरवून उभा होतो. पेटी उघडली, नक्षींवर शिवगंगाचं नाव घातलं, पेटी मिटली. पेटीचा पासवर्ड आता मला माहीत नाही.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २००८

लिहून देणार: शिवमूर्ती गुरुलिंग मगदूम (सही)

आमच्यासमोर सही केली, वाचून दाखवलं:
१. प्रसेनजीत गणपती कांबळे, शिक्षक (सही)
२. धोंडुबाई सयाजी चौगुले, शेजारी (सही)