एका फ्लेकचे किती अर्थ!

३ जुलै, गुरुवार

आली एकदाची ती बाई. मिस हॅलेट. टपालाच्या बोटीतून उतरली तेव्हा तोंड पार हिरवं पडलेलं, रस्ताभर ओकत आली असणार. दोन पेट्या. एकीत कपडे, दुसरीत बोललेलं पकडून ठेवणारं यंत्र.

तिकडे सेंट जॉन्सला युनिव्हर्सिटीवाले शब्दकोश करतायत. हिच्या वाट्याला एक शब्द आलाय. फ्लेक! ते विचारायला एवढा समुद्र ओलांडायचा? मी खिडकीतून दाखवलं. म्हटलं, "तो बघा. फर झाडाच्या खांबांचा मांडव, वर फांद्या, त्यावर मासळी वाळते. झालं काम. जा आता."

हसली. गेली नाही. वरच्या खोलीत राहणार आहे. आमच्या नवऱ्याने, ईसॉने, परस्पर हो म्हणून टाकलंय.

७ जुलै

शब्दाच्या पोटात इतकं असतं होय! बर्फाचा भुरभुरता कण — फ्लेक. बोटीच्या रंगाचा पोपडा — फ्लेक. दोर गुंता न होता डेकवर अंथरून ठेवायचा, तेही फ्लेक. खोक्यातून येतात त्या मक्याच्या चुरचुरीत पापड्या. ऑस्ट्रेलियात तर शार्कच्या मांसाला म्हणतात म्हणे! एका अर्थाला एक कार्ड, सगळी बुटाच्या खोक्यात.

मला म्हणाली, "केझीकाकू, फ्लेकवर तुम्ही बायका काय काय बोलता?"

"बोलत नाही. काम करतो."

तर उठली आणि ईसॉकडे गेली. तो जाळं सांधत बसला होता. आणि बोलायला लागला की! खांब कुठल्या डोंगरावरचे आणायचे, फांद्या कशा घालायच्या, खालून वारा कसा खेळला पाहिजे — भडाभडा, थांबेचना. लग्न झाल्यापासून मला काय मिळालं? "चहा." "वारा फिरला." "झोपतो."

मला वाटायचं माणूसच अबोल आहे. अबोल नव्हता. माझ्याशी बोलायचं नव्हतं!

१० जुलै

आज शब्दाचं कूळ निघालं. फार पूर्वी उत्तरेकडचे दर्यावर्दी कुडाच्या तट्ट्याला असलं काहीतरी म्हणायचे. ते इंग्लंडात उतरले, शब्द तिथेच राहिला. तिथे त्याचं मेंढ्यांचं फाटक झालं, डुकराचं मांस वाळवायची फळी झाली. आपल्या लोकांबरोबर इकडे आला आणि मासळीचा मांडव झाला. बर्फाचा फ्लेक बहुधा दुसऱ्याच घराण्यातला. नक्की कोणालाच माहीत नाही.

"दिसायला सारखे, ईसॉकाका, पण एका आईचे असतीलच असं नाही."

"मग एका नावाखाली नांदतात कसे?"

"इतकी वर्षं एकत्र राहून चेहरे सारखे झाले असतील!"

दोघं हसले. मी भांडी आपटली. काका म्हणते! काका म्हटलं की झालं?

१५ जुलै

ट्रायफीना माझी जाऊ. तिचा फ्लेक माझ्याला लागून. मासळी पसरताना म्हणते, "केझी, तुझ्या घरी शाळा भरते म्हणे हल्ली?"

"हो. तू ये की."

"नको बाई. तिथे एकच विद्यार्थी घेतात म्हणे."

तिच्याबरोबरच्या बाया फिदीफिदी. पाव आणि काकवी तशीच टाकून उठले.

१८ जुलै

आता कार्डं घेऊन बसतो. समोर धरून, तासन्‌तास. ईसॉ! पोरवयात बोटीवर चढला, शाळेचं दार बघितलं नाही, सहीच्या जागी फुली मारतो. मी निदान दुसरीपर्यंत गेले. याला काय कळतंय त्यात? तिच्या हातचं आहे म्हणून बघायचं!

मला म्हणतो, "किती सुरेख अक्षर आहे नाही?"

मला! माझं अक्षर कधी बघितलंस का रे मेल्या?

२१ जुलै

आज जेवताना माझ्याशी बोलला. तिच्याबद्दल.

२९ जुलै, मंगळवार

लिहू की नको.

सकाळपासून वारा पडलेला. समुद्र काचेसारखा. असल्या उन्हात चिरलेल्या मासळीची पांढरी बाजू वर राहिली की ती शिजते. शिजली की संपली. म्हणून ज्या बाईचा फ्लेक, ती हाक देते — "ऊन!" — आणि अख्खं बंदर धावत येतं मासळी पालथी घालायला. कालच कचाकचा भांडलेली असली तरी येतात. पण हाक तिचीच. दुसऱ्या बाईच्या फ्लेकवर हाक दिली म्हणजे तिला तोंडावर सांगितलं, तुला कळत नाही.

ट्रायफीनाने आपल्या फ्लेकवर हाक दिली. आम्ही सगळ्या धावलो, पालथी घातली. मग सगळ्या माझ्याकडे बघत उभ्या.

मी घराकडे बघितलं. खिडकीत दोघांची डोकी जवळजवळ. तो हसत होता. दात दिसत होते.

म्हटलं, बघू. आपणहून बाहेर येतो का. आपल्या मासळीची याद येते का. एकदा फक्त वर बघ रे.

नाही बघितलं.

माझ्या घशाशी हाक आलेली. दिली नाही. हाताची घडी घालून उभी राहिले. बाया चुळबुळ करत गेल्या घरी.

तो आला तेव्हा मासळी हातात तुटत होती. माझ्या हातची! आजवर एक तुकडा गेला नव्हता. त्याने उचलली, खाली ठेवली. मी म्हटलं, चुलीपाशी होते, ध्यानात आलं नाही. "बरं," म्हणाला.

बरं!

१२ ऑगस्ट

गेली. मला मिठी मारली. खांबासारखी उभी राहिले. बोट बंदराच्या टोकापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत धक्क्यावरून हलले नाही. खात्री नको?

१४ ऑगस्ट

बाई गेली, कार्डं ठेवून गेली. त्याच्यासाठी मुद्दाम दुसरी लिहून! जेवला की बसतो खिडकीशी. ओठ हलतात. तिच्याशी बोलतो की काय मनातल्या मनात?

खोकं चुलीत घालावंसं वाटलं. घातलं नाही. मग तर तो तिच्यासाठी रडेल, आणि ते मला बघावं लागेल.

२२ ऑगस्ट

आज धक्क्यावर मासळी निवडायला व्यापाऱ्याचा माणूस आला. एकेक उचलतो, बघतो, ढिगात टाकतो. आमची हातात घेतली, वास घेतला. "ही केझीकाकूंची? छे! बदलली असेल कोणीतरी." आणि टाकली वेस्ट इंडीजला पाठवायच्या ढिगात. सगळ्यात खालच्या प्रतीच्या. माझी मासळी!

ट्रायफीना थांबते होय! "आम्ही उभ्या होतो हो तयार. हाकच आली नाही. झोप लागली असेल बिचारीला."

मी तोंड उघडणार तेवढ्यात ईसॉ म्हणाला, "केझीने हाक मारली होती. मला, घरात येऊन. मीच म्हटलं, थांब जरा. चूक माझी आहे."

 ट्रायफीनाचं तोंड उघडं ते उघडंच.

मी कुठे मारली होती हाक! हे मला ठाऊक आणि या पानाला ठाऊक. मग त्याला काय वाटलं — मी आले, हाक मारली, आणि त्याला ऐकूच आली नाही? एवढा बुडालेला होता तिच्यात? आणि ते सांगायचं, चारचौघांत, मान वर करून!

बाजू घेतली म्हणून आनंद व्हायला हवा होता. मी रात्रीचं जेवण त्याच्यापुढे सरकवलं आणि पाठ करून बसले.

"केझी," म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

३१ ऑगस्ट, रविवार

पाद्रीबाबांची बोट आली नाही. ते नसले की हेडलीकाका वाचतात, तर त्यांचा घसा बसलेला. चर्चमध्ये सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते, आणि ईसॉ उठला. पुढे गेला. बायबल उघडलं. एकेका शब्दाखाली बोट धरून, अडखळत, थांबत, अख्खं स्तोत्र वाचलं. ट्रायफीनाने मला कोपर मारलं — "अगं, हा कधीपासून?"

कार्डं धरून ओठ हलायचे ते यासाठी होय!

घरी येऊन ही वही उघडली. माझं अक्षर मोठं आहे, सुटं सुटं. बायबलपेक्षा त्याला वाचायला सोपं.

ईसॉ, मी हाक मारायला हवी होती.