दहा मिनिटांत पडणारा स्विच

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानेच भरतेस, म्हणून हे पत्र. तीस वर्षं शाळेत वीज शिकवलेल्या तुझ्या भावाला एका ओव्हनने चारी मुंड्या चीत केलं आहे.

ओव्हन लावला की दहा मिनिटांत मीटरजवळचा स्विच पडतो आणि सगळं घर बंद. मी आधी फ्रिजवर संशय घेतला, मग इस्तरीवर, मग वरच्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनवर. वरच्यांना जिन्यात गाठून वीस मिनिटं व्याख्यानही दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की त्यांचं मीटर वेगळं आहे.

हसण्यावारी नेतोय, पण काळजी दुसरीच आहे. आजारपणानंतर तुझ्या भावजयीने वर्षभर केकचं नाव काढलं नव्हतं. उजवा हात अजून थरथरतो. वीस वर्षं लोकांच्या वाढदिवसांचे केक करून दिलेली बाई, पण ओव्हनकडे पाठ करून चहा करायची. गेल्या रविवारी आपणहून म्हणाली, की एक छोटासा करून बघू. आणि नेमका स्विच पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर ती राहू दे म्हणाली आणि भांडं झाकून बाहेर जाऊन बसली.

तू जन्मभर दुकानात जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड केल्यास. काहीतरी सुचव. माया आहे तेवढी पुरे, थोडी अक्कल पाठव.

तुझा,
मास्तर

९ फेब्रुवारी

चि. मास्तरास,
अनेक आशीर्वाद.

वरच्या मजल्यावरच्यांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या सहनशक्तीचं कौतुक वाटलं.

अरे, स्विच बिघडलेला नाही. करंट कुठेतरी गळतोय आणि तो तुम्हाला वाचवतोय. त्याला दाबून धरायचा शहाणपणा करू नकोस. कोरड्या हातांनी आधी फक्त वरची कॉइल लावून बघ, मग ती बंद करून फक्त खालची. जिच्यावर स्विच पडेल ती चोर. मग प्लग काढ आणि वायरिंगवाल्याला बोलाव. ओव्हनचा मागचा पत्रा तू उघडायचा नाहीस. आमच्या दुकानातला पंखा तू दुरुस्त केल्यावर उलटा फिरायला लागला होता, हे मी विसरलेले नाही.

वर्षभर बंद राहिलेल्या ओव्हनची कॉइल थोडीफार दमट होते, हे मान्य. पण एक खरं सांग. लावण्याआधी त्याला पाणी लावलं होतंस का? साफ केल्याचा उल्लेख तुझ्या पत्रात कुठेच नाही, आणि तू काही साफ केलंस आणि गावभर सांगितलं नाहीस, असं आजवर झालेलं नाही.

वहिनीला सांग, घाई नाही. दोघांनी जपून असा.

तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तू पोलिसात असायला हवी होतीस. होय, धुतला. गच्चीत नेऊन, साबण लावून, रबरी नळीने, आतून-बाहेरून. ही थक्क होईल असं वाटलं होतं. झाली.

वरची कॉइल निर्दोष निघाली. खालची लावली आणि स्विच पडला. प्लग काढून ओव्हन दोन दिवस उन्हात ठेवला, तरी तेच. शेवटी वायरिंगचं काम करणाऱ्या एक बाई आल्या. खालच्या कॉइलला चीर गेलेली होती आणि माझ्या नळीने उरलंसुरलं काम केलं होतं. अर्ध्या तासात त्यांनी नवी बसवली. जाताना विचारलं, घरात विजेतलं कळणारं कोणी आहे का. मी म्हणालो, कोणी नाही.

ओव्हन आता तासभर चालतो. पण ही त्याच्याकडे फिरकत नाही. काल डोकं दुखत होतं, आज पाठ. ताई, ओव्हन सुरू झाला आणि ही बंद पडली. याचा स्विच कुठे असतो, ते मला शिकवलेलं नाही. लवकर लिही.

तुझा,
मास्तर

२५ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नका. तुम्ही मला वेगळं पत्र घातलंत आणि त्यात एकही सल्ला दिला नाहीत, म्हणून खरं सांगते.

स्विच पडून घरातला पंखा थांबला की मला दर वेळी सुटल्यासारखं वाटायचं. केक बिघडला तर हाताचा दोष, ओव्हन बंद पडला तर ओव्हनचा. हे मात्र माझी माफी मागत घरभर फिरायचे. मी एवढी नाटकी असेन, हे मलाही माहीत नव्हतं.

रविवारी हे माझी वही उघडून स्वतःच केक करायला उभे राहिले. मैदा शाळेतून आणलेल्या तराजूवर तोलला. दर दोन मिनिटांनी बाहेर येऊन विचारायचे, की फेटणं म्हणजे नेमकं किती वेळा. शंभरपर्यंत मोजून झालं तेव्हा माझ्याच्याने बघवेना. उठले. डाव्या हाताने अंडं फोडलं, टरफल आत पडलं. ह्यांनी चिमट्याने तुकडे वेचले. केक मधोमध खचला. तो आम्ही ओव्हनसमोर उभ्या उभ्या चमच्याने खाल्ला, आणि मी बऱ्याच दिवसांनी ठसका लागेपर्यंत हसले.

मंगळवारी एकटीने केला. तोही खचला, पण कमी. वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी चव घेतली आणि मुलीच्या वाढदिवसाला करून द्याल का, असं विचारलं. मी सांगितलं, मध्ये खड्डा पडेल. त्या म्हणाल्या, खड्ड्यात क्रीम जास्त मावेल.

मी हो म्हटलं आहे. आठवडाभर झोप नाही लागायची, पण हो म्हटलं आहे.

तुमचा लोभ आहे, हे या वेळी नीट कळलं.

तुमची,
वहिनी