मला तर तांबी होती

आई, आज मळ्यातली वहिनी दवाखान्यात येऊन गेली. पाटाच्या पलीकडच्या मळ्यातली थोरली सून, जिला तू नुसतं 'थोरली' म्हणायचीस आणि मी वहिनी. महिन्याच्या गोळ्या घेतल्या, पिशवीतून माझ्यासाठी आणलेली मेथीची जुडी टेबलावर ठेवली आणि जाताना नेहमीसारखं म्हणाली, "बाई असत्या तर किती बरं वाटलं असतं त्यान्ला, तुला ह्या खुर्चीवर बघून." मी हसले. ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि तुझ्यावर इतकी चिडले की हातातलं पेन फेकलं. तू जाऊन बारा वर्षं झाली, मेलेल्या माणसाशी भांडण्यात काही अर्थ नाही, हे मला कळतं. पण जिवंतपणी तरी तू कधी भांडू दिलंस? विषय निघाला की तू उठून स्टोव्हला पंप मारायला लागायचीस.

सायखेड्याच्या पुढं गोदावरीच्या काठचं ते गाव आणि त्यातलं तुझं उपकेंद्र, म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तू नर्सबाई, आतल्या खोलीत माझी आई, आणि मध्ये तुझ्या जुन्या हिरव्या साडीचा पडदा. एकाच स्टोव्हवर आधी सुया उकळायच्या आणि मग चहा. बाबा नोकरीसाठी नाशिक रोडला राहायचे, शनिवारी यायचे, म्हणून बाकीचे दिवस मीच तुझी मदतनीस आणि मीच तुझी कारकून. माझं अक्षर बरं म्हणून तुझी रजिस्टरं मी भरायची: कोणाला किती मुलं, कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाला तांबी बसवली, कोणाच्या घरी निरोध दिले. गावातल्या निम्म्या घरांच्या खाजगी गोष्टी मला पाठ होत्या आणि तोंड उघडायची परवानगी नव्हती. एकदाच उघडलं होतं, आठवीत असताना. हापशावर कुणीतरी विचारलं, अमकीला दोन वर्षं झाली तरी दिवस कसे जात नाहीत, आणि मी मोठ्या शहाणपणानं सांगून टाकलं की तिला तांबी बसवली आहे. मूल राहू नये म्हणून गर्भपिशवीत बसवतात ती तांब्याच्या तारेची लहानशी वस्तू, हेही मीच समजावून दिलं. संध्याकाळपर्यंत त्या बाईच्या सासूनं तिला घराबाहेर काढलं होतं. तू मला मारलं नाहीस. समोर बसवलंस आणि म्हणालीस, "एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात न्यायची नाही. परत नेलीस तर उद्या एकही बाई ह्या पडद्यामागं येणार नाही." ते मी असं मनावर घेतलं की अजून उतरलेलं नाही.

वहिनी त्या पडद्यामागं आपण होऊन आली होती, हे तू किती कौतुकानं सांगायचीस. वरून कुटुंबनियोजनाच्या केसेस आणा, केसेस आणा म्हणून सारखा तगादा, मीटिंगहून तू रडवेली होऊन यायचीस, आणि इथं ही बाई स्वतःच्या पायांनी आलेली. दोन मुली, दुसरीच्या वेळी जिवावर बेतलेलं, अंगात रक्त नाही. सासूला नातू हवा, नवऱ्यालाही मुलगा हवा. "बाई, अजून एक झालं तर मी ऱ्हात नाय," ती म्हणाली. "पण घरात कळलं तर मला जित्ती ठेवायचे नाय." नवऱ्याला न सांगता तांबी बसवावी की नाही, या विचारात तू दोन दिवस धड जेवली नाहीस. मग बसवलीस. रजिस्टरात तिच्या नावापुढं तांबी लिहू नको म्हणालीस. एवढी हाताशी आलेली केस, तीही तू मोजायला दिली नाहीस. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. सगळं झाल्यावर तू तिच्या गालावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "आता काळजी मिटली बघ." हे तुझं वाक्य लक्षात ठेव, आई.

मी बारावीला होते तेव्हा, दिवाळीच्या सुट्टीत, तिचा नवरा आला. तो बोअरच्या गाडीवर कामाला, महिना महिना परराज्यात. भर दुपार, गावात सामसूम. मी पडद्याच्या आत गणितं सोडवते आहे. त्याचा आवाज इतका खाली की ऐकायला मला स्टोव्ह बंद करावा लागतो. लघवीच्या जागी फोड आलाय, महिना झाला, बरा होत नाही. तू विचारतेस, बाहेर कुठं गेला होतास का? तो म्हणतो, "समदेच जात्यात, बाई." तू त्याला चांगलंच झापतेस. नाशिकच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी देतेस, इंजेक्शनं पूर्ण घे म्हणतेस, आणि वर म्हणतेस, "जाताना थोरलीलाही ने. तिलाही तपासायला लागेल." "तिला यातलं काय सांगायचं नाय," तो म्हणतो. "सांगणार आसाल तर मी नाशिकला जातच नाय. ऱ्हाऊ द्या तुमची चिठ्ठी." खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. आणि तू, जी तलाठ्याचंही ऐकून घ्यायची नाहीस, ती तू म्हणतेस, "बस. नाही सांगत. पण हे वापरायचं, घरातसुद्धा. घे शपथ." त्यानं निरोधचं पाकीट घेतलं आणि शपथही घेतली.

त्या दिवशी चहा पिताना मी विचारलं, वहिनीला कोण सांगणार? तू म्हणालीस, एकाचं दुसऱ्याला सांगायचं नसतं. मी म्हणाले, "अगं, पण ते एकच घर आहे ना?" "राहायला एक," तू म्हणालीस, "बाकी दोन." मग बशीत बघत म्हणालीस, "त्याचं तिला सांगितलं, तर ती भांडणात स्वतःचंही बोलून बसेल. मग तांबीही जाईल आणि तीही जाईल." तुझं हे म्हणणं मला आजही खोडून काढता येत नाही. पण त्यापुढं तू जे केलंस त्याचा मला अजून संताप येतो. थोरलीला बोलावलंस, अंगावरून पांढरं जातं का विचारलंस, ती हो म्हणाली, आणि तिच्या हातात गोळ्या ठेवल्यास. कशाच्या? होत्या त्याच आजारावरच्या, तू सांगितलंस अशक्तपणाच्या. तीन दिवसांत तिला बरं वाटलं. उरलेल्या गोळ्या तिनं कोनाड्यात ठेवून दिल्या, पुढं कधी अशक्तपणा आला तर असाव्यात म्हणून. मी तुला हे सांगितलं तर तू नवी पुडी बांधून दिलीस, पुन्हा अशक्तपणाच्याच नावानं. बरं वाटल्यावर अशक्तपणाच्या गोळ्या कोण घेतं गं? काय झालंय हे कळलं असतं तर तिनं शेवटची गोळीसुद्धा चुकवली नसती, अशी बाई ती. तेव्हापासून तिचं ओटीपोट दुखायचं ते दुखतच राहिलं. कंबरेवर हात ठेवून चालायची, आणि तू म्हणायचीस, कामाचा ताण आहे.

दोन वर्षांनी तुझ्या छातीत कळ आली आणि गाडी मिळेपर्यंत तू गेलीस. बारावी पास झाल्यावर तू मला दिलेलं तुझं घड्याळ, ज्याचा सेकंदकाटा बघत तू नाडी मोजायचीस, तेवढं माझ्याकडं राहिलं. मी मुद्दामच नर्स झाले नाही. तरी फिरून त्याच पडद्यापाशी आले. नाशिकमधल्या एका दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी होते, तिथं मी समुपदेशक आहे. रक्त घेण्याआधी बोलायचं, निकाल आला की बोलायचं. इथं साडीचा पडदा नाही, दार आहे, भिंतीवर रंगीत पोस्टर आहेत. बाकी काय बदललं, सांग. बायका निकाल ऐकतात आणि पहिलं विचारतात, घरी कळवणार नाही ना? पुरुष येतात आणि तेच विचारतात. मी नवऱ्यांच्या हात धुऊन मागं लागते, स्वतः सांगा, नाहीतर तिला घेऊन या, आपण मिळून सांगू. काही आणतात. काही परत तोंड दाखवत नाहीत. ऑपरेशन झालेल्या बाईला निरोधचं सांगावं तर ती माझ्याकडं मी खुळी असल्यासारखं बघते: आता कशाला? पोरं तर बंद झाली. त्यांचं काय चुकलं? आपण दारोदार जाऊन हेच तर शिकवलं, की हे सगळं मूल न होण्यासाठी. आजाराचं नाव कुणी काढलं नाही. शिकवणारी तू आणि रजिस्टर भरणारी मी.

वहिनी पहिल्यांदा इथं आली ती मागच्या उन्हाळ्यात. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता, गावात टीबी सांगितला होता. हिचा ताप हटेना म्हणून डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली होती. मला ओळखल्यावर तिला इतका आनंद झाला की रांगेतल्या बायकांना सांगत सुटली, ही आमच्या बाईंची पोरगी. निकाल मीच सांगितला. आजार काय, कशातून लागतो, औषधं आहेत, रोज घेतली तर माणूस चांगला जगतो, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण मला तर तांबी होती." मी हातातलं पेन खाली ठेवलं. "बाईंनी सोता बसवली व्हती. काळजी मिटली म्हणल्या व्हत्या." मी म्हणाले, वहिनी, तांबीनं मूल राहत नाही, आजार अडत नाही. ती बराच वेळ नखानं टेबलाची कड खरवडत राहिली. "आसं व्हय," म्हणाली. "बाईंना ठावं नसंल मंग. ठावं असतं तर त्यांनी मला सांगितलंच असतं."

तुला ठाऊक होतं, आई. एचआयव्हीचं नसेल, तेव्हा आपल्याकडं ते नाव नुकतं कुठं ऐकू यायला लागलं होतं, आणि त्याला ते कधी लागलं हे आता कोण सांगणार. पण तो बाहेर जातो हे तुला ठाऊक होतं आणि घरी काय घेऊन येतो हेही. फार नाही, एवढंच सांगायचं होतंस: तांबी एका कामापुरती आहे, आजारासाठी नवऱ्याला निरोध वापरायला लाव. त्याचं नाव घ्यायचं नव्हतं तर नसतं घेतलंस, गावातल्या सगळ्या बायकांना हेच सांगितलं असतंस. त्यात त्याला दिलेला कुठला शब्द मोडत होता? तू तिला गरीब गाय समजलीस. स्वतःच्या जिवासाठी सासूच्या डोळ्यात धूळ फेकून तुझ्या दारात आलेली बाई, आणि तिला हे पेलवणार नाही असं तू परस्पर ठरवून टाकलंस. वर्षभर हेच मी तुला मनातल्या मनात ऐकवते आहे. आंघोळ करताना, बसमध्ये, फाईल लावताना.

आणि आता जे लिहायचं टाळत आले ते. तू तेव्हा निर्धास्त होतीस, कारण त्यानं शपथ घेतली होती आणि पाकीट घरात गेलं होतं. ते पाकीट परत आलं होतं, आई. चार-पाच दिवसांनी, तू डोस पाजायला वस्तीवर गेली होतीस तेव्हा. वहिनी दारात आली, पदराखालून पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. "ह्यांच्या पिशवीत घावलं. बाईंना दे. आम्हाला काय करायचं, मला तर ती बसवलेली हे. दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल." जायला वळली आणि थांबली. "का गं, ह्यान्ला कशाला दिलं आसंल हे बाईंनी?" माझ्याकडं बघत होती. मला उत्तर माहीत होतं, पडद्याआडून शब्दन्‌शब्द ऐकला होता. मला हापसा आठवला, घराबाहेर काढलेली ती सून आठवली, आणि निरोध हातात घेऊन दारात उभं राहण्याची भयंकर लाज वाटली. मी म्हणाले, "सरकारी वाटप असतं, वहिनी. सगळ्यांनाच देतात." "मंग ठीक," ती म्हणाली आणि गेली. पाकीट मी खोक्यात बाकीच्या पाकिटांत मिसळून टाकलं. तुला सांगितलं नाही. महिनाअखेरीला त्यांच्या घरापुढं चांगल्या अक्षरात 'निरोध, नियमित वापर' असं लिहिलं, आणि ते वाचून तू समाधानानं मान डोलावलीस.

एका पाकिटानं काय होतं, हे मला कुणी सांगायला नको, मी रोज लोकांना तेच सांगते. पण तिनं विचारलं होतं. तुला तिनं कधी काही विचारलं नाही, जे दिलंस ते घेतलं. विचारलं ते मला. तेव्हा हे पत्र वाचायला हवं ते तिनं, तू नाही. टेबलाच्या खणात अशी आणखी दोन आहेत, हे त्यांच्यावर जाईल. आज मी ठरवून बसले होते. दार ओढून घेतलं, खुर्ची तिच्याजवळ सरकवली, म्हणाले, "वहिनी, तुला एक सांगायचंय." "बोल की," ती म्हणाली, आणि हातातली पिशवी खाली ठेवून नीट बसली. मी म्हणाले, "मेथी घरच्या रानातली का?"