दाराच्या खाचेतला पुठ्ठा

दि. १९, रविवार

ताई,

नमस्कार. मी बरा आहे, दोन वेळ जेवतो. दाजींना नमस्कार सांग, भाचीचा गालगुच्चा घे. पत्राला उशीर झाला म्हणून शिव्या घातल्या असशील, त्या पोचल्या.

इकडे कामावर जरा गडबड झाली. आमच्या कारखान्यात दवाखान्यांच्या चादरी धुवायला येतात. त्या पिळायचं मोठं मशीन आहे. आतलं पिंप फिरायचं थांबल्याशिवाय त्याचं दार उघडत नाही. मागच्या सोमवारी फिरतानाच उघडलं. माझ्या खोलीतल्या लंब्याने हात घातला आणि कोपरापासून मोडला. मालक म्हणाला, "चूक त्याची. खर्च मिळणार नाही, उद्यापासून कामही नाही." शनिवारी तो एकेकाला बोलावून विचारणार होता, मग चौकशीचा कागद बंद.

मी तर ठीक आहे. काळजी करू नकोस.

पण इस्त्रीवर एक म्हातारा आहे, ख्रिस्ती. डबा उघडायच्या आधी डोळे मिटतो, म्हणून सगळे त्याला 'फादर' म्हणून चिडवतात. तो चिडत नाही. मला तो पहिल्यापासून खटकायचा. ताई, तूच सांग, फुकट कोण कोणाचं करतं? हा कोणाची पाळी करतो, कोणाचा अर्ज लिहून देतो, आणि बदल्यात काही मागत नाही. असा माणूस मोठा डाव खेळत असतो.

मंगळवारी त्याने घडी घातलेला एक पुठ्ठा माझ्या हातावर ठेवला. "दाराच्या खाचेत होता. तुझा आहे." बस, एवढंच. गेला इस्त्री करायला.

माझाच होता, ताई. कोंबताना त्याने कधीतरी बघितलं असणार. पुठ्ठा कोंबला की दार लगेच उघडतं, प्रत्येक खेपेला दोन मिनिटं वाचतात. सगळ्यात जास्त चादरी माझ्या निघायच्या, मालक पाठ थोपटायचा. त्या दिवशी काढायचा राहिला.

बुधवारी फादरने आपली अर्धी भाकरी मला दिली. मी उलटून पालटून बघितली. म्हटलं, कापायच्या आधी बोकडाला चारतोय. संध्याकाळी तो दवाखान्यात निघाला, मी मागोमाग. दाराआड उभा राहिलो. लंब्या विचारत होता, "कोणी केलं, माहितीय तुम्हाला?"

"माहितीय. पण ते त्याच्या तोंडून ऐक."

बाहेर आल्यावर मी त्याला धरलंच. "काय पाहिजे तुम्हाला? माझा धर्म बदलायचाय?"

"आधी शर्ट बदल. तीन दिवस तोच आहे."

"मग मालकाला सांगत का नाही?"

"शनिवारी त्याने विचारलं की सांगणार. खोटं बोलायचं नाही मला. त्यात लंब्याचं काम होईल, पोरा. तुझं होणार नाही."

"माझं काय व्हायचंय?"

"सोमवारपासून तू जेवत नाहीस."

मला रडू आलं नाही, राग आला. धमकी दिली असती तर बरं झालं असतं. धमकीला उत्तर देता येतं.

शनिवारी मी सगळ्यांच्या आधी आत गेलो आणि पुठ्ठा टेबलावर ठेवला. मालक जे बोलला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. माझं काम गेलं. लंब्याचा खर्च कारखाना देणार, बरा झाला की तो परत मशीनवर येणार. मी त्याला सांगायला गेलो. सगळं ऐकून त्याने तोंड भिंतीकडे केलं. मी तासभर उभा होतो. "आता जा," म्हणाला. उद्या परत जाणार आहे.

लंब्याच्या खोलीत राहायला तोंड नव्हतं, म्हणून फादरकडे आलोय. त्याच्याकडे एकच खाट आहे, ती मला दिली आणि स्वतः खाली झोपतो. मला अजून वाटतं, याचं काहीतरी असणार. उशीखाली, कपाटात, सगळीकडे बघून झालं. काही सापडलं नाही.

आईला काय सांगायचं ते मी दर पत्रात तुला पढवतो. या वेळी पढवत नाही. जे झालं तेच सांग, आणि ती काय म्हणाली ते न गाळता लिही.

तुझा धाकटा