मावशीचा घास

प्रिय धाकटे,

तुझ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. येत्या रविवारपासून तुझ्या बाळाने, गोटूने, तुझ्याकडे राहायला हरकत नाही, म्हणाल्या. मी हो हो करत राहिले आणि फोन ठेवल्यावर एका गिऱ्हाइकाच्या झग्याची बाही उलटी लावून बसले. उसवली, पुन्हा शिवली. रडले-बिडले नाही. म्हणजे तेव्हा नाही.

तू म्हणशील, ताईचं पत्र म्हणजे सूचनांचं पोतं. आहेच. तुझ्या नवऱ्याला दूध पाजता येतं, पण परवा त्याने मला फोनवर विचारलं, गाजर कच्चंच किसून द्यायचं का? बिचारा. म्हणून सगळं लिहून काढतेय.

पहिल्यांदा गाजरच दिलं होतं मी. वाफवून, चाळणीतून घासून, अगदी पातळ. साहेबांनी ते तोंडात घोळवलं, विचार केला आणि माझ्या चष्म्यावर परत पाठवलं. तेव्हा तू दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस. बाळ मांडीवर ठेवलं की म्हणायचीस, घेऊन जा याला, माझ्या हातून पडेल. ते गाजर तुला दाखवायची इतकी हौस होती मला, पण दाखवणार कुणाला? मग मी शिलाईचं मशीन बाजूला सारलं आणि त्या भोपळ्यासारख्या पोराकडे बघत एकटीच हसले. घरात दुसरं कुणी नव्हतं.

आता त्याला गाळून लागत नाही. रताळं, लाल भोपळा, बटाटा, सगळं वाफवून काट्याने मऊ चेचायचं. पाण्यात गदागदा उकळू नकोस, चव पाण्याबरोबर जाते. मिठाचा कण नको, साखर नको, आणि मध तर वर्षाचा होईपर्यंत चाटवायलासुद्धा नको, कुणी कितीही शहाणपण शिकवू दे. नवीन काही द्यायचं तर एका वेळी एकच, आणि दोन-तीन दिवस अंगावर काही उठतंय का ते बघायचं. केळ्याने पोट घट्ट झालं तर नासपती शिजवून दे. वाटाण्याने गॅस होतो आणि मग सगळ्या घराला जागरण. नेहमी ताठ बसवून भरव. आणि त्याने तोंड फिरवलं की थांब. त्याचं पोट त्याला कळतं, आपण मागे लागायचं नाही.

आमच्या खाली बेकरीवाल्या काकू आहेत ना, त्या एकदा त्याला माझ्या कडेवर बघून कौतुकाने म्हणाल्या, माय मरो पण मावशी जगो. मी त्यांना नको नको ते बोलले. बिचाऱ्या रडवेल्या झाल्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण ज्या घरात ते खरंच होता होता राहिलं, तिथे म्हणी जपून वापराव्यात. आणि धाकटे, खरं सांगू? मी त्यांच्यावर एवढी का भडकले, ते मलाच ठाऊक आहे. ती म्हण ऐकून क्षणभर मला बरं वाटलं होतं. एकच क्षण. त्या क्षणाची मला अजून भीती वाटते.

तू दवाखान्यातून घरी आल्यावर, गेल्या खेपेला गोटूला घेऊन तुझ्याकडे आलो, तेव्हा तू आपण होऊन वाटी मागितलीस. चमचा अगदी बरोबर धरला होतास. त्याने ओठ घट्ट मिटले. तू वाट बघितलीस. मग त्याने एकदम आ केला, घास घेतला, दुसरा घेतला, आणि तुझ्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी जे आलं ते मी बघतच राहिले. तेवढ्यात तुला काय वाटलं कोण जाणे, तू मागे वळलीस. तुझ्या पाठीशी दारात मी उभी, बेडकासारखा आ वासून. भरवताना मी आ करते हे मला ठाऊकच नव्हतं गं. तो तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघून खात होता. आधी तू हसलीस. मग वाटी खाली ठेवून म्हणालीस, तूच भरव, आणि न्हाणीघरात गेलीस. नळाचा आवाज किती तरी वेळ येत होता.

म्हणून हे पत्र. रविवारी मी येणार नाही. गोटूला तुझे भावोजी आणून सोडतील. त्याची वाटी, चमचा आणि मी चिंध्यांतून शिवलेली लाळेरी पिशवीत आहेत. तो तुझ्या हातचं खायला लागेपर्यंत मी तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही. पहिल्या दिवशी तो खाणार नाही, रडेल, मला शोधेल. घाबरू नकोस, दूध आहे, उपाशी मरत नाही. त्याला ताप आला किंवा तुला स्वतःला पुन्हा तसं काही वाटायला लागलं, तर मात्र मध्यरात्रीही बोलाव, अनवाणी येईन. पण जेवत नाही म्हणून बोलावू नकोस. मी आले तर तो जेवेल आणि तू पुन्हा वाटी खाली ठेवशील. आ कर, मोठा आ कर, लाजू नकोस. एक घास चिऊचा, एक घास काऊचा म्हण. शेवटचा घास पहिल्या दिवसापासून मी आईचाच ठेवलाय, त्याला तो शब्द ओळखीचा आहे. मध्ये एक मावशीचा असतो. तेवढा काही दिवस गाळ. ते ऐकलं की तो दाराकडे बघेल.

तुझीच,
ताई