चांगल्या प्रसंगासाठी ठेवलेले टायर

८ एप्रिल, रविवार

विल्फ गाडी विकतोय!

सकाळी उकडलेल्या अंड्याचं टोक उडवता उडवता म्हणाला, "एनिड, हॅरोगेटचा एक दातांचा डॉक्टर आहे. अठ्ठावीसला येतोय गाडी बघायला." आणि लगेच मीठ मागितलं. एकेचाळीस वर्षं ज्या जुन्या, दोन सीटांच्या लाल एमजी गाडीत शेजारी बसून मी संसार केला, ती विकायची बातमी आणि मीठ — एका दमात! मी मीठ दिलं. बोलले असते तर अंडं त्याच्या डोक्यावर फुटलं असतं.

कारण मला ठाऊक आहे. ऑक्टोबरात, जुन्या गाड्यांच्या क्लबच्या वर्षातल्या शेवटच्या फेरीत, पावसात डोंगरउतारावर, चॅपलच्या — छोट्या चर्चच्या — वळणावर गाडीची मागची बाजू सुटली. गर्रकन फिरलो, गवतात गेलो आणि मेंढ्यांच्या पाण्याच्या हौदाला जाऊन टेकलो. नंबराची पाटी वाकली, बाकी कुणाला ओरखडा नाही. पण ट्रॅक्टरनं आम्हाला ओढून काढणारा तो शेतकरी — तिशीचाही नसेल मेला — हसत म्हणाला, "आजोबा, आता बसचा पास काढा!"

झालं. तेव्हापासून विल्फनं स्टिअरिंगला हात लावलेला नाही. "माझे हात गेले, एनिड." कुठे गेले? त्याच हातांनी परवा माझ्या चष्म्याचा तो मुंगीएवढा स्क्रू बसवला की! पण एकाहत्तर वर्षांच्या माणसाला एकदा 'आजोबा' लागलं की लागलं.

९ एप्रिल

आंबटढाण रुबार्ब शिजवला. साखर घातली नाही. मुद्दाम. मुकाट्यानं खाल्लान.

१४ एप्रिल, शनिवार



गाडी धुवायला मी घेतली. "गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसू दे" असं विल्फला सांगितलं. खरं म्हणजे तिच्याशी चार शब्द बोलायचे होते. बागकामाची उशी टाकली, उताणी झाले आणि भांडी घासायचा ब्रश घेऊन चाकाच्या आतल्या अंगाला लागले. तिकडे कुणी बघत नाही. विल्फ तर नाहीच. त्याला बाहेरून टायर काळेभोर चमकायला हवेत आणि टायरवरचं नाव हवा भरायच्या नळीच्या बरोबर रेषेत यायला हवं. क्लबात सगळ्यांना तेच हवं असतं. वीतभर चुकलं तर एकमेकांची तोंडं बघतात.

तर आतल्या अंगाला, चिखलाखाली, चार आकडे. मी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. पन्नास पोरं, बर्फ, उतार, आणि रोज सकाळी निघण्याआधी चाकांभोवती एक फेरी. ते आकडे मला वाचता येतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे.

२००१!

दुसरं चाक बघितलं. २००१. चारही तेच! वरची नक्षी कोरी करकरीत, आणि रबर सतरा वर्षांचं. नख रोवून पाहिलं — दगड. नीट पाहिल्यावर जुन्या साबणाला पडतात तशा बारीक भेगा. ओल्या रस्त्याला असलं रबर काय धरणार, कपाळ!

विल्फचे हात नव्हते गेले. टायर गेले होते. मी तिथेच, उताणी, मोठ्यानं हसले. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

१५ एप्रिल

सांगितलं. ऐकेल तर शपथ!

"शक्यच नाही. नेव्हिलनं दिलेत ते. कोरे होते. वर रबराची लव होती, कागदी पट्टी होती!"

"मग वाक आणि वाच."

"मला वाकता येत नाही."

"मग मी सांगते ते ऐक."

"तू बसवाली. हे निराळं आहे."

बसवाली! या बाबानं एकेचाळीस वर्षांत मला एकदाही ती गाडी चालवू दिलेली नाही. का, तर म्हणे तिचा क्लच नाजूक आहे. क्लच नाजूक, आणि मी काय, नांगर धरते?

पण खरी गोम दुसरीच आहे. नेव्हिल त्याचा शाळेपासूनचा दोस्त. हे टायर त्यानं विल्फच्या निवृत्तीला, चार वर्षांपूर्वी, लाल फीत बांधून दिले होते. विल्फच्या डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा. त्या टायरांना नावं ठेवायची म्हणजे नेव्हिललाच नावं ठेवायची. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही.

१९ एप्रिल, गुरुवार

पबात क्लबची बैठक. विल्फ नको नको म्हणत होता, ओढत नेला. मी काही विचारणार नव्हते — देवाशप्पथ! नेव्हिलच आपण होऊन बोलला. डुकराच्या मांसाची पाई अर्धी तोंडात, अर्धी हातात.

"विकतोयस ते विकतोयस, पण त्या टायरांचे वेगळे पैसे घे हो, विल्फ! साधे नाहीत ते. बायकोशी भांडून आणले होते मी. आणि घातले नाहीत! म्हटलं, चांगल्या प्रसंगासाठी ठेवू. तेरा वर्षं पोटमाळ्यावर होते — चादरीत गुंडाळून!"

आणि छाती फुगवून बसला.

मी विल्फकडे बघितलं नाही. बघवेना. आमच्याकडे सगळ्यांचं हेच आहे — चांगल्या कपबश्या कपाटात, चांगल्या चादरी पेटीत, चांगली खोली बंद. तो चांगला प्रसंग काही येत नाही, माणूस मात्र निघून जातो. पण टायरसुद्धा!

विल्फनं ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, आता फुटतो. तर हळूच म्हणतो, "फार चांगले टायर आहेत, नेव्हिल. तुझे उपकार आहेत." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी येताना मी बस — म्हणजे आमची साधी मोटार — चालवत होते. अर्ध्या वाटेवर तो हसायला लागला. "चादरीत गुंडाळून, एनिड!" मीही. डोळे पुसायला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग म्हणाला, "नेव्हिलला कळता कामा नये." या माणसाशी मी लग्न का केलं ते आठवलं.

२० एप्रिल

हसला खरा, पण विकायचं कायम! "टायर बदलतो. त्या डॉक्टरचा जीव सतरा वर्षांच्या रबरावर सोडणार नाही. पण माझे हात गेले ते गेलेच."

अरे देवा. घोडं अजून तिथंच पेंड खातंय.

२२ एप्रिल, रविवार

नेव्हिल जेवायला. नवे टायर कशासाठी, तर 'एनिडचा हट्ट' अशी थाप विल्फनं मारली. मी तोंड वाकडं करून हट्टी दिसले.

मग दोघांची जुंपली. नेव्हिलचं म्हणणं, रुंद घाला. रुंद टायर म्हणजे ऐट, गाडी कशी दबा धरून बसल्यासारखी दिसते! विल्फचं म्हणणं, जन्माला आली तसेच हवेत, आतल्या दोऱ्यांच्या आडव्या विणीचे, अरुंद, साठ वर्षांपूर्वीचे. दोघांनी माझ्या टेबलावर बटाटे आणि ग्रेव्हीची वाटी मांडून वळणं आखली. वाटी सांडली. मी दोघांना विचारलं, "आणि तिच्यात बसणाऱ्या माणसांचं काय?" दोघांनी पुडिंग मागितलं, तेही दोनदा.

२४ एप्रिल, मंगळवार

रिपनजवळ जोआन म्हणून एक बाई फक्त जुन्या गाड्यांचे टायर विकते. चाकं काढून आमच्या मोटारीत टाकून नेली. विल्फ सुरू झाला — रुंदी, वीण, साल. ती म्हणाली, "थांबा हो जरा. हिला घेऊन जाता कुठे, ते सांगा."

विल्फ 'कुठेच नाही' म्हणणार होता. त्याचे ओठ हललेही.

मी म्हटलं, "डोंगरावर. पावसात. मेंढ्यांच्या मधून. चीज आणि फ्रूटकेकची टोपली मांडीवर घेऊन. वर गेलं की चहा."

विल्फ माझ्याकडे बघतच राहिला. जोआन म्हणाली, "मग सोपं आहे." रुंद घातले तर वळताना मडगार्डला घासतील आणि स्टिअरिंग घट्ट पिठात पळी फिरवल्यासारखं जड होईल. आडव्या विणीचे प्रदर्शनात शोभतील, पण रस्त्यावरच्या प्रत्येक चाकोरीमागे कुत्र्यासारखे धावतील. तिनं दिले ते रेडियल, म्हणजे हल्लीच्या विणीचे — मूळच्या रुंदीचे, गुबगुबीत बाजूंचे, जुन्या नक्षीचे. चाकं तारांची, म्हणून आत ट्यूब हवी, तीही नवीच. "नव्या टायरात जुनी ट्यूब घातलीत तर माझ्या दारात येऊ नका."

विल्फनं काय करावं? ज्याला वाकता येत नाही तो माणूस दोन्ही गुडघ्यांवर बसला आणि आकडे वाचले. "जानेवारी! एनिड, अजून दातसुद्धा आले नसतील यांना!"

जोआननं निघताना बजावलं, नव्या रबरावर झिलई असते, पहिले शंभर मैल जपून.

२५ एप्रिल

आज काय म्हणावं! जेवण झाल्यावर विल्फ दारात घुटमळत होता.

"ती झिलई उतरवायला हवी कुणीतरी."

"हो का?"

"तसेच घसरडे टायर डॉक्टरला कसे देणार? बरं दिसतं का?"

"अजिबात नाही," मी म्हटलं, आणि डोक्याला रुमाल बांधला. कोरड्या, सपाट रस्त्यावर चाळीस मैल. म्हातारी बाई चर्चला जाते तसा चालवत होता. पण चालवत होता!

२७ एप्रिल, शुक्रवार

पाऊस. मुसळधार नाही, आमचा नेहमीचा, चिकट.

"झिलई राहिलीय अजून," म्हणाला. मी टोपली भरली.

चॅपलचा उतार आला आणि त्याची बोटं पांढरी पडली. मी खिडकीबाहेर बघत बसले. वळण आलं. वळलो. आणि काही झालं नाही.

काहीच झालं नाही! गाडी अशी शहाण्यासारखी वळली, जणू ऑक्टोबर कधी आलाच नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. विल्फनं खाली जाऊन गाडी वळवली, वर आला, पुन्हा उतरला. पुन्हा वर. पुन्हा खाली! आता वेगात, एका हातानं स्टिअरिंग आणि एका हातानं गिअर, ओठांवर शीळ. कुंपणाशी तोच शेतकरी ट्रॅक्टरवर. "काय आजोबा, रस्ता चुकलात?"

"नाही रे बाळा," विल्फ ओरडला, "हौद बघायला आलोय, जागेवर आहे ना!"

वर पोचलो. टपाखाली बसून, भिजलेल्या गुडघ्यांनी केक खाल्ला. विल्फनं आपले दोन्ही हात समोर धरले आणि उलटसुलट करून बघितले. मग म्हणाला, "आहेत की गं." मी रडले. आनंदानंच.

२८ एप्रिल

दातांचा डॉक्टर आला. विल्फनं चहा दिला, रुबार्बचा केक दिला — साखर घातलेला — आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. तो भला माणूस, हसला. मला जाताना म्हणाला, "मी रुंद टायर घालणार होतो." विल्फनं ऐकलं. दार जरा जोरात लागलं.

३ मे

नेव्हिलनं पबात विचारलंच, "माझे जुने कुठे आहेत रे?"

"जपून ठेवलेत," विल्फ म्हणाला. "चांगल्या प्रसंगासाठी."

नेव्हिलला केवढा आनंद! दोन टायरांत मी बटाटे लावलेत, दोनांत पॅन्सीची फुलं. नेव्हिलला परसात येऊ देता कामा नये.

७ मे, सोमवार

क्लबची पहिली फेरी. सगळ्यांसमोर विल्फ डोंगरमाथ्यापर्यंत झकास चालवत गेला. चहा झाला. मी माझ्या जागेवर बसायला गेले, तर तिथे विल्फ! मांडीवर टोपली, डोक्याला माझा रुमाल.

"अरे, हे काय?"

"चालवता येत नाही म्हणून तुझ्या हाती द्यायची नव्हती मला," म्हणाला. "आता येतंय. आता देतो." आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "एकेचाळीस वर्षं रस्ताच बघतोय. कडेच्या दगडी भिंतींपलीकडे काय आहे ते दाखव."

क्लच अजिबात नाजूक नाही.