पुलाच्या कराराची आमची प्रत

प्रिय मेहुण्यांस,

नमस्कार. आधी तुमच्या डाव्या गुडघ्याची चौकशी. (तुम्ही नुसतंच ‘गुडघा’ लिहिलं होतंत, डावा, हे मला बहिणीकडून कळलं. दफ्तरखान्यातल्या माणसाने असं मोघम लिहू नये.) इकडे सगळं छान आहे. आईची नजर शाबूत आहे. माझ्या शर्टावरचा शाईचा डाग तिला दारातूनच दिसतो. तुम्ही दोघं गुरुवारी येताय म्हणून तिने आत्तापासून उशांचे अभ्रे बदलले आहेत.

आमच्या परराष्ट्र खात्याला या शनिवारी शंभर वर्षं पूर्ण होतात. खात्याचा इतिहास लिहायला सचिवबाईंनी मला सांगितलं. वरच्या मजल्यावर पाच पदवीधर बसलेले असताना मला, ज्याने शाळेनंतरचं सगळं शिक्षण खात्याच्या फायली पुसता पुसता घेतलं! पुस्तिका छापूनही झाली. त्यात तुम्हाला कळेल की सुरुवातीला खातं म्हणजे एक खोली, एक दुभाषा, एक लेखनिक आणि एक नकाशा एवढंच होतं, आणि त्या नकाशातले शेजारचे दोन देश उंदरांनी कुरतडले होते. (त्यातला एक तुमचा. राग नसावा.) हे खातं नेमकं करतं काय, असं माझा न्हावी मला दर महिन्याला विचारतो. मी सांगतो, शेजाऱ्याशी जुंपू नये म्हणून जे सतत पत्रं लिहितात, आणि जुंपलीच तरी पत्राखाली ‘आपला नम्र’ लिहायला विसरत नाहीत, ते आम्ही. न्हाव्याला हे पटतं, कारण त्याला दोन भाऊ आहेत.

शंभर वर्षांत दोनशे अकरा करार झाले. त्यांच्या आमच्याकडच्या प्रती माझ्या चार लोखंडी कपाटांत आहेत. रीत तुम्हाला ठाऊकच आहे, पण पूर्ण लिहिलेलं बरं. कराराच्या दोन प्रती. आमच्या प्रतीत आमच्या देशाचं नाव आधी, तुमच्या प्रतीत तुमच्या. मंत्री आधी आपापल्या प्रतीवर सही करतात, मागे उभे असलेले दफ्तरवाले प्रतींची अदलाबदल करतात, पुन्हा सह्या होतात, आणि मग दुसरी अदलाबदल होऊन ज्याची प्रत त्याच्या घरी जाते. अदलाबदल दोनदा. हे दोनदा हा आपल्या धंद्याचा कणा. पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर मी ठणकावून लिहिलं आहे की शंभर वर्षांत एकही प्रत चुकीच्या घरी गेलेली नाही.

काल प्रदर्शनातल्या काचपेटीत मांडायला मी नदीवरच्या पुलाला कुणी कुठवर रंग द्यायचा तो करार बाहेर काढला. बावीस वर्षांत प्रथमच. फीत सोडली, पान उलटलं, आणि मटकन खाली बसलो. तुमचं नाव आधी! सचिवबाई दारातून म्हणाल्या, “काय हो, बरं वाटत नाही का?” मी म्हटलं, जुन्या कागदांची धूळ. (खोटं. माझ्या कपाटात धूळ नसते.) शनिवारी अकरा वाजता आमचे मंत्री आणि तुमचे राजदूत त्याच पेटीपुढे उभे राहणार, आणि हातात असणार माझी पुस्तिका. चौदावं पान तिच्या बरोबर मध्यावर येतं, त्यामुळे ती आपोआप तिथेच उघडते.

दोष कुणाचा, हे मी उगाळणार नाही. पण त्या सह्यांच्या समारंभात मंत्र्यांमागे आपण दोघं उभे होतो, आणि खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून आम्ही घरची माणसं आणून बसवली होती. तिसऱ्या रांगेत माझी धाकटी बहीण होती, आणि तुमचं लक्ष कुठे होतं हे साऱ्या सभागृहाने पाहिलं. दुसरी अदलाबदल राहिली ती तिथेच. मी मात्र तुम्हाला मोठ्या मनाने माफ केलं आहे. खात्याने जुळवलेल्या सगळ्या गोष्टींत तुमचा संसारच जास्त टिकला. (पुलाचा रंग दोनदा उडाला.) बहिणीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणते, “दादा, माफ करायच्या आधी एकदा तो फोटो बघ.” कुठला फोटो, ते सांगेना. तुमच्या घरी राहून तीही मोघम बोलायला लागली आहे.

बाकी क्षेम. आईचे आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. गुरुवारी येताना तुमच्या तिसऱ्या कपाटातून निळ्या फितीची आमची प्रत बहिणीच्या शालींखाली घालून आणावी. परतताना तुमची प्रत त्याच शालींखालून जाईल. रीतसर मागायची तर दोन्ही खात्यांची मिळून एकोणीस पत्रं लागतील, आणि तोवर शनिवार उलटून जाईल.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधीच छायाचित्रकाराने प्रदर्शनासाठी मोठा केलेला समारंभाचा फोटो आणून दिला. चार फूट बाय तीन. त्यात तुम्ही दोन्ही हातांनी प्रत माझ्यापुढे धरून उभे आहात, आणि मी हनुवटी वर करून कॅमेऱ्याकडे बघतो आहे. भिंतीवर जागा नसल्याने हा फोटो प्रदर्शनातून वगळण्यात आला आहे. तुमच्याकडे त्याची दुसरी प्रत असल्यास तीही शालींखाली घालून आणावी.